खोकं, बल्ब आणि गोधडी : भोपाळमधल्या एका घरगुती ब्रूडरची हकीकत

मंडळाच्या या संकेतस्थळावर माझं एक जुनं टिपण आहे, टी. टी. नगरमधल्या सरकारी क्वार्टरांच्या आठवणींचं. त्यात ३ डिसेंबर १९८४च्या पहाटेबद्दल एक वाक्य आहे : "त्या रात्री आमच्या घरातली कोंबडीची पाच पिल्लंही विषारी वायूने मेली." पुढे हे वाक्य दोन ठिकाणी उद्धृत झालं. एका शाळेच्या प्रदर्शनात तर ते फलकावर लागलं आणि मी त्याच्याशेजारी उभा राहून फोटोही काढून घेतला. ते वाक्य चुकीचं आहे. दुरुस्ती दोन ओळींत करता आली असती, पण ती का करावी लागते हे कळायला पिल्लांना ऊब कशी देतात ते आधी समजून घ्यावं लागतं. म्हणून हा लेख. विषय ऐकून काही सभासद हसले होते, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी आमचं घर. १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली, आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरातून सचिवालयाचे कारकून, टंकलेखक, शिपाई बाडबिस्तऱ्यासह इकडे आले. माझे वडील त्यांतले एक, वय वर्षं बावीस. १९६२ला लग्न झालं आणि आर्वीकडच्या शेतकरी घरातली माझी आई या क्वार्टरमध्ये आली. दोन खोल्या, मागे बारा फुटांचं अंगण, अंगणाला पत्र्याचं फाटक. नागपूरहून आलेल्या मराठी घरांनी गणपती आणला, भिशी आणली, तसं माझ्या आईने खुराडं आणलं. शेजारच्या काही घरांना ते आवडलं नाही. अंडी मात्र सगळ्यांना आवडत.

मागच्या वर्षी जुन्या ट्रंकेत मला 'कालनिर्णय'ची सहा कॅलेंडरं सापडली, १९७९ ते १९८४. नागपूरहून मामा दरवर्षी पाठवायचा. कालनिर्णयचे चौकोन मोठे, त्यामुळे आपल्या बहुतेक घरांत त्यांवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, पाळ्या, वाढदिवस असं सगळं लिहिलेलं असतं. आईने कोंबड्याही लिहिल्या होत्या. "खुडूक बसली." "अंडी १३." "पिल्लं १५ आणली." "१ गेलं." एका नोंदीत तीन शब्दांपेक्षा जास्त क्वचितच. मी तीस वर्षं कारखान्यात बॉयलरच्या लॉगशीट पाहिल्या आहेत. त्यांच्याइतकीच ही कोरडी भाषा, आणि तितकीच भरवशाची.

गावाकडे पिल्लांना ऊब द्यायचं काम कोंबडीचं. अंडी द्यायची थांबली, अंग फुगवून एका जागी बसून राहिली, जवळ गेलं की गुरगुरली, म्हणजे ती खुडूक झाली. तिच्याखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. मग पुढचे काही आठवडे तीच चालती-फिरती शेगडी. पण भोपाळला आईने सरकारी कुक्कुट केंद्रातून व्हाईट लेगहॉर्नची एक दिवसाची पिल्लं आणायला सुरुवात केली. ही जात अंडी भरपूर देते, पण खुडूक होणं जवळजवळ विसरलेली आहे. ज्यांनी ही जात घडवली त्यांनी अंडी न थांबवणाऱ्याच कोंबड्या पिढ्यान् पिढ्या निवडल्या, त्याचा हा परिणाम. आपल्या झाबुआचा कडकनाथही अंड्यांवर बसण्यात कच्चाच. त्याची अंडी गावठी कोंबडीखाली उबवून घेण्याची रीत भिल्लांच्या घरात आहेच. म्हणजे पिल्लाची आई एक आणि ऊब देणारी दुसरी, ही सोय यंत्रांच्या आधीपासूनची. आईकडे गावठी कोंबडी नेहमी असायचीच असं नाही. मग खोकं.

खोकं चहाचं. किराणावाल्याकडे आसामहून यायचं ते, प्लायवुडचं, कडांना पत्र्याची पट्टी, आतून चंदेरी कागद. साधारण दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच. तळाशी चार बोटं भाताचं तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस जुनं पोतं. वर्तमानपत्र कधीच नाही. का, ते मला फार उशिरा कळलं : गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात आणि एकदा फाकले की ते पिल्लू उभं राहत नाही. नुसतं तूस ठेवलं तर पहिल्या दिवशी ती दाणे समजून तूसच खातात. पोत्याने दोन्ही प्रश्न सुटतात. वरून आडव्या काठीला ६० वॅटचा बल्ब, एका बाजूला सरकवलेला, मधोमध नाही. बल्ब एका बाजूला असला की खोक्यात एक टोक गरम आणि एक गार राहतं, आणि पिल्लं आपापली जागा निवडतात. नियंत्रणाचं हे तंत्र मी पुढे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलो, तेव्हा मला त्यात आईचं खोकं दिसलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आणि गोधडी. खोक्याच्या तोंडावर आणि तीन बाजूंनी लोंबणारी. चौथी बाजू आणि तोंडाचा चार बोटं भाग उघडा, हवेसाठी. दुपारी गोधडी अर्धी मागे, संध्याकाळी पुढे, रात्री पूर्ण. बल्ब बदलायचा नाही, गोधडी सरकवायची. दर आठवड्याला काठी एक वीत वर.

पुस्तकातला आकडा सांगतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस. मग दर आठवड्याला पाच फॅरनहाइटने कमी. कारण असं की अंड्यातून निघालेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान टिकवता येत नाही. ती कला यायला दोनेक आठवडे लागतात, आणि खरी पिसं येईपर्यंत ते उघडंच म्हणायचं. अंगावरची पिवळी लव ओली झाली की तिचा काही उपयोग नाही. मी सातवीत असताना ही माहिती एका पुस्तिकेत वाचली आणि घरातला तापाचा थर्मामीटर खोक्यात लटकवला. तो ९४ अंशांपासून सुरू व्हायचा. पारा पहिल्या रेघेपर्यंतही चढेना. मी घाबरून गोधडी पूर्ण ओढली, वर शालही टाकली. अर्ध्या तासाने आई आली, सगळं काढलं. पिल्लं भिंतीला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. तापाच्या थर्मामीटरमधला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही आणि मी लटकवताना तो नीट झटकून खाली घेतला होता, इतपत माझं विज्ञान बरोबर होतं. पण मी तो गार टोकाला लटकवला होता.

"थर्मामीटरले काय पाह्यतं, पिल्लाईले पाह्य," आई म्हणाली.

पिल्लांकडे काय पाहायचं ते तिने त्या दिवशी दाखवलं. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग झाला आणि सगळी चिवचिवत असतील, तर थंडी वाजते आहे. सगळी कडेला पांगली, पंख अंगापासून सुटे, तर गरम होतं आहे. सगळी एकाच बाजूला, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची फट आहे. सारखी पसरलेली, काही खातात, काही आडवी पडून झोपलेली, आवाज हळू आणि समाधानाचा, तर सगळं ठीक. खोक्यातली पिल्लं म्हणजे चौदा-पंधरा थर्मामीटरच.

१९८२च्या पावसाळ्यात वडिलांच्या एका सहकाऱ्याने बदकाची सहा अंडी दिली. आईने ती खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि कॅलेंडरवर एकविसावा दिवस खोडून अठ्ठाविसावा लिहिला. बदकाला एक आठवडा जास्त लागतो. कोंबडी कंटाळून उठू नये म्हणून आई तिला दाणा-पाणी जागेवर देत होती. चार पिल्लं निघाली. कोंबडीने ती आठवडाभर सांभाळली, मग मांजराच्या भीतीने आईने ती खोक्यात घेतली, आणि खोक्याची दैना झाली. कोंबडीच्या पिल्लाला पाण्यात बुडू नये म्हणून ताटलीत खडे ठेवावे लागतात. बदकाच्या पिल्लाला उलट, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल पाणी लागतं, नाहीतर त्याच्या नाकपुड्या भुकटीने बुजतात. ते खातं एक घास, पितं एक घोट, आणि उरलेलं पाणी सगळ्या खोक्यात उडवतं. तूस दिवसातून दोनदा बदलायचं. ऊब कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडी कमी चालते आणि लवकर बंद करता येते, पण ओल अजिबात चालत नाही. आणि पोहायला सोडायचं नाही! बदकाचं पिल्लू आहे, पोहणारच, असं म्हणून मी त्यांना बादलीत सोडलं होतं. आईबदकाच्या पिसांचं तेल अंगाला लागलेलं नसलं की ती भिजून गारठतात. एक गेलं. कॅलेंडरवर त्या दिवशी "१ गेलं, बादली" असं आहे. माझं नाव लिहिलेलं नाही.

इथे थोडं लांब जातो, कारण या खोक्याला वंशावळ आहे. कृत्रिम उबवणीचा इतिहास सांगताना सगळे इजिप्तपासून सुरुवात करतात. तिथे शेणाच्या ढिगात अंडी उबवत, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे, आणि मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची कला तिथल्या काही घराण्यांकडे पिढीजात होती. भट्टीतला माणूस अंडं उचलून मिटलेल्या डोळ्याला लावायचा आणि ऊब किती ते सांगायचा. पण हा सगळा इतिहास अंडं फुटेपर्यंतचा आहे. पिल्लू बाहेर आलं की पुढे काय? इजिप्तात हवा उबदार, पिल्लं लगेच विकली जात, आणि पुढची काळजी विकत घेणाऱ्या घराची. त्या घरातल्या बाईने काय केलं, ते कुणी लिहिलं नाही.

हा प्रश्न ज्याला नीट पडला तो फ्रान्सचा रेओम्यूर. थर्मामीटरच्या एका मापनपद्धतीला त्याचं नाव आहे. १७४९मध्ये त्याने पक्षी उबवण्यावर आणि वाढवण्यावर मोठा ग्रंथ छापला. फ्रान्सच्या थंडीत नुसतं उबवून भागत नाही हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने 'कृत्रिम आई' बनवली : आतून मेंढीचं लोकरीचं कातडं लावलेली, उतरत्या छपराची पेटी. पिल्लू जितकं लहान तितकं आत, ठेंगण्या बाजूला जाऊन कातड्याला पाठ टेकवायचं, जसं कोंबडीच्या पोटाला टेकवतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की थर्मामीटर बनवणाऱ्या या माणसाने ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांच्यासाठी उपाय दिला : लोणी आणि चरबी वितळवून एका कुपीत भरायची. ती किती पातळ झाली यावरून ऊब ओळखायची. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाला पटेल असं उपकरण. रेओम्यूरची पेटी आणि आईची गोधडी यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही. वरून पाठीला ऊब, बाजूने वारा बंद, खाली कोरडं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलचे दिवे आणि कोळशाच्या शेगड्या आल्या, मग वीज. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय निभावू शकतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं दूर पाठवता येतात. अमेरिकेच्या टपालखात्याने तर १९१८पासून ती पार्सलने स्वीकारली. हा धंदा वाढला तसं उबवणं एका जागी आणि ऊब देणं दुसऱ्या जागी, अशी कायमची फाळणी झाली. आपल्याकडे विस्तार कार्यकर्ते खेड्यापाड्यांत बांबूची टोपली आणि मधोमध कंदील असा ब्रूडर शिकवत. कंदिलाला जाळी लावायची, नाहीतर पिल्लं काचेला भाजतात.

आता केसला. भोपाळहून होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम, मग इटारसी, आणि इटारसीहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की केसला आणि सुखतवा लागतात. तोच रस्ता पुढे मुलताईकडे जातो, जिथे बाजारात मराठी ऐकू येते. या भागात गोंड आणि कोरकू वस्ती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'प्रदान' या संस्थेने इथल्या आदिवासी बायकांबरोबर कोंबडीपालनाचं काम सुरू केलं. कल्पना अशी की मोठ्या शेतकऱ्याच्या दहा हजारांच्या शेडऐवजी प्रत्येकीच्या घराशेजारी तीन-चारशे पिल्लांची छोटी शेड, आणि पिल्लं, खाद्य, औषधं, विक्री यांची व्यवस्था सगळ्यांची मिळून. त्यातून केसला पोल्ट्री सहकारी संस्था उभी राहिली, 'सुखतवा चिकन' हे नाव भोपाळच्या लोकांना माहीत झालं, आणि पुढे अशा महिला संस्थांची मिळून राज्य पातळीवरची उत्पादक कंपनीही झाली. यशोगाथा म्हणून हे खूपदा छापून आलं आहे. त्यात विक्रीचे आकडे असतात, ब्रूडिंग नसतं. खरं तर पहिल्या दहा-बारा रात्रींवर सगळं अवलंबून. तिथे मेलेलं पिल्लू नंतर कुठल्याच सहकाराने भरून निघत नाही.

२०११च्या जानेवारीत एका पशुवैद्य मित्राबरोबर मी तिथे एका शेडवर गेलो. पिल्लं त्याच दिवशी यायची होती. बाईंनी शेडच्या मधोमध पत्र्याच्या फूट-सव्वा फूट उंच पट्टीचं गोल कडं उभं केलं होतं. आत तूस, वर बल्ब, आणि वीज गेली तर म्हणून बाजूला कोळशाची शेगडी तयार. पिल्लं येण्याआधी तीन-चार तास जागा गरम करून ठेवायची, म्हणजे तूस तळापर्यंत तापतं. गार तुसावर पिल्लू ठेवलं तर वरून कितीही ऊब द्या, पायातून गारठतं. बायकांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या. मी इंजिनीअरच्या शहाणपणाने विचारलं, की शेड चौकोनी आहे, भिंती आहेतच, मग हे गोल कडं कशाला, तेवढा पत्रा वाचला असता.

"कोना मिला, तो मरे," त्या म्हणाल्या.

थंडी वाजली की पिल्लं एकमेकांत शिरतात. गोल कड्यात हा ढीग फिरत राहतो, खालच्याला बाहेर निघायला वाट मिळते. कोपऱ्यात वाट नाही. मागची पुढच्यांवर चढतात, खालची गुदमरून मरतात. थंडी स्वतः फार पिल्लं मारत नाही, कोपरा मारतो. मित्राने तीच गोष्ट मला शास्त्रीय भाषेत पुन्हा सांगितली. मी ऐकली, वहीत लिहिली आणि विसरलो.

केसल्याहून परतताना आम्ही आनंदनगरवरून आलो. तिथे उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा आहे, आता तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांचे नमुने इथेच तपासले गेले आणि देशातला पहिला बर्ड फ्लू भोपाळमध्ये निश्चित झाला. त्यानंतर देशभर चिकनचे भाव कोसळले. नवापूरच्या आणि केसल्याच्या शेडमधून भोपाळच्या या इमारतीपर्यंत एक धागा जातो, त्यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. इथे तो विषय नाही.

आता १९८४चं कॅलेंडर. नोंदी जशाच्या तशा देतो.

"२४ नोव्हेंबर – पिल्लं १५." "२६ – १ गेलं." मग थेट "३ डिसेंबर – पाहुणे ७. गोधडी दिली. ५ गेली." "६ – कोपरे बुजवले." "१३ – पिल्लं शेजारी. नागपूर."

शेवटची नोंद भोपाळकरांना लगेच कळेल. कारखान्यात उरलेला वायू १६ डिसेंबरपासून संपवणार, असं जाहीर झालं तेव्हा लाखो माणसं पुन्हा शहर सोडून गेली. आम्हीही गेलो.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मी तेरा वर्षांचा होतो. कारखान्यातून निघालेला लोट जुन्या शहरावर गेला. आमचं घर तलावांच्या दक्षिणेला. पुढे शहरातल्या ५६पैकी ३६ वॉर्ड वायुबाधित ठरले, त्यांत आमचा नव्हता. आमच्याकडे डोळे चुरचुरण्याइतका तरी वास आला होता का, यावर घरात आजही एकमत नाही. पहाटे चारच्या सुमारास चांदबडमध्ये राहणारे वडिलांच्या कार्यालयातले एक जण कुटुंबासह आले, सात माणसं, निम्मं अंतर पायी. डोळे सुजलेले, खोकला थांबेना. सगळ्यात लहान मुलगी चारेक वर्षांची, पातळ फ्रॉकवर. आई बादल्या भरभरून डोळे धुवायला देत होती. एवढं मला नक्की आठवतं. सकाळी खोक्यात पाच पिल्लं मेलेली आठवतात. शाळा बंद, रस्त्यावर अफवा, रेडिओ चालू. जुन्या शहरात गायी, म्हशी, शेळ्या, कुत्री मरून पडल्याचं कानावर येत होतं, आणि ते खरंच होतं. तेरा वर्षांच्या मुलाने आपली पाच पिल्लं त्याच हिशेबात धरली. नंतर कधी तपासलं नाही.

कॅलेंडर हातात आल्यावर "कोपरे बुजवले" या दोन शब्दांवर मी अडलो. घराचे कोपरे? मुंग्या, उंदीर? चार दिवस विचार केला, आणि मग केसल्याची वही आठवली. आईने खोक्याच्या चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून बसवला होता, आतली जागा गोल केली होती. म्हणजे पिल्लं कशाने मेली हे तिला तीन दिवसांत कळलेलं होतं.

मग बाकीचे पुरावे आपोआप रांगेत आले. पाचही पिल्लं बल्बखाली नव्हती, बल्बजवळच्या कोपऱ्यात होती, आणि चपटी झालेली होती. चपटी का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. मागच्या अंगणात जाळीच्या खुराड्यात चार मोठ्या कोंबड्या रात्रभर उघड्या हवेत होत्या. त्यांतली एकही आजारी पडली नाही. वायू घराच्या आतल्या खोक्यात शिरून पाच पिल्लं मारतो आणि बाहेरच्या कोंबड्या सोडतो, हे जमत नाही. उरलेली नऊ पिल्लं धडधाकट होती, तेही जमत नाही.

तरी मी खोकं पुन्हा करून पाहिलं. चहाची तशी पेटी आता मिळत नाही, म्हणून त्याच मापाची प्लायवुडची बनवली, आतून चंदेरी कागद लावला, तळाला तूस, ६० वॅटचा बल्ब, पिल्लं अर्थातच नाहीत. जानेवारीत मागच्या खोलीत रात्री ठेवली. गोधडी तीन बाजूंनी असताना पेटीतली हवा खोलीपेक्षा साधारण पंधरा अंश सेल्सिअस वर राहिली. गोधडी काढून तोंड उघडं केल्यावर पाऊण तासात फरक सहा अंशांवर आला. डिसेंबरात भोपाळची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, आणि त्या रात्री आमचं पुढचं-मागचं दार सारखं उघडत होतं. नऊ दिवसांच्या पिल्लांना तिशीच्या वर हवी होती. ती कोपऱ्याकडे गेली.

हे सगळं आकृतीसह तयार झाल्यावर मी आईला दाखवलं. तिचं वय आता त्र्याऐंशी. चाळीस वर्षं मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं; माझ्या टिपणाची प्रत तिला वाचून दाखवली होती तेव्हा ती काही बोलली नव्हती. मी म्हणालो, पिल्लं गॅसने नाही मेली.

"नाहीच. थंडीनं मेले थे. म्या गोधडी काढली ना."

मग तेव्हा का सांगितलं नाहीस? तर म्हणाली, त्या दिवशी कुणाला पिल्लांचं सांगणार होते, आणि नंतर तू इतक्या जोरात सांगायचास की वाटलं असू दे.

मी विचारलं, दुरुस्ती छापू का? लोक म्हणतील, यांनी गॅसचीही खोटी गोष्ट रचली. मला खरोखर ती भीती होती, आजही आहे. ज्यांची माणसं गेली, ज्यांना आपलं दुखणं कागदावर सिद्ध करताना वर्षं घालवावी लागली, त्यांच्या शहरात माझं हे बाहेरच्या वॉर्डातलं वाक्य फलकावर लागलं होतं. आई थोडा वेळ कॅलेंडर चाळत बसली.

"ल्हिहाचं तं ल्ही. पण गोधडी कोणाले देल्ली थेही ल्ही."

तेव्हा मूळ टिपणातलं वाक्य काढून त्याजागी पुढचा मजकूर घालावा, अशी संपादकांना विनंती : "त्या पहाटे चांदबडहून आलेल्या सात जणांतल्या चार वर्षांच्या मुलीला पांघरायला आईने पिल्लांच्या खोक्यावरची गोधडी दिली. नऊ दिवसांच्या चौदा पिल्लांपैकी पाच सकाळपर्यंत थंडीने कोपऱ्यात चेंगरून मेली." शाळेलाही हा मजकूर पाठवला आहे, फलक बदलायचा खर्च मी देणार आहे. १९७९ ते १९८४च्या कॅलेंडरांची पानं स्कॅन करून मंडळाच्या संग्रहात दिली आहेत. नागपूरहून भोपाळला आलेल्या आणखी कुणाच्या घरी अशी लिहिलेली कॅलेंडरं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा कळवावं.